डोळा माझा, माफी तुमची

अहो, काल तुमच्या कॉलेजातले दोघे जण आले होते. तुमच्यावर एक पुस्तिका काढताहेत म्हणे. त्यातला चष्मेवाला मला म्हणाला, "मॅडम, सरांच्या ऋजू स्वभावाबद्दल चार ओळी लिहून द्या." ऋजू! परीक्षकांच्या बैठकीत ज्याने शाईची दौत भिंतीवर फोडली, आमटीत गूळ कमी पडला म्हणून ज्याची वाटी खिडकीतून थेट खालच्यांच्या स्कूटरवर गेली, तो माणूस ऋजू? मी म्हटलं, "तुम्ही नक्की कुठल्या सरांसाठी आला आहात?" बिचारे एकमेकांकडे बघायला लागले.

माणूस गेला की लोक त्याला पॉलिश करून ठेवतात. मला ते जमणार नाही. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण भांडत होतो. टीव्हीवर कुठल्या तरी गावातल्या जमावाची बातमी चालू होती, एका माणसाला रस्त्यावर फरफटत नेत होते. मी म्हटलं, "बघा, तुमचीच माणसं. अशी किती सोडून दिलीत?" तुम्ही रिमोट आपटलात, त्याचे सेल सोफ्याखाली गेले, आणि न जेवता झोपायला गेलात. सकाळी उठलाच नाहीत. भांडण अर्ध्यात टाकून असं निघून जायचं असतं का हो? मला अजून बोलायचंय. आज तुम्हाला मध्येच "अगं, तुला कळत नाही" म्हणता येणार नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

आपली तर ओळखच भांडणातून झाली. मी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवत होते, नवी नवी लागलेली. तुम्ही चित्रकलेची चार-पाच पोरं घेऊन थेट विच्छेदनाच्या खोलीत आलात. म्हणालात, फ्लॉरेन्सचे चित्रकार पाचशे वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने मढी फाडून बघत होते, आमची मुलं प्लॅस्टरच्या हातापायांवरून शिकताहेत, त्यांना बघू द्या. फॉर्मेलिनच्या वासाने तुमचे डोळे गळत होते. टेबलावर एक म्हातारा होता, छाती उघडलेली, हाताची कातडी कोपरापर्यंत सोलून बाजूला ठेवलेली. एक पोरगा धाडकन खाली पडला. तुम्हीही पांढरेफटक झाला होता, पण मागे हटला नाहीत. आणि मला विचारलंत, "यांचं नाव काय?"

मी म्हटलं, "नाव नसतं इथे. नंबर असतो."

तुम्ही ओरडलात की हो माझ्यावर! "एका माणसाला उभं चिरलंत आणि त्याचं नावसुद्धा माहीत नाही?" मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "नाव कळलं ना, की सुरी धरवत नाही. तुम्ही कागदावर कापता, आम्ही खरं कापतो." बाहेर शिपाई, विद्यार्थी, सगळे जमले. पुढच्या आठवड्यात तुम्ही माफी मागायला आलात आणि पुन्हा त्याच मुद्द्यावर भांडून गेलात. माझी आई म्हणाली, एवढा भांडायला येतोय म्हणजे लग्नच करेल.

तुम्हाला "मानवतावाद" हा शब्द आवडायचा नाही. "लोकांना वाटतं मानवतावाद म्हणजे रक्तदान शिबिर," म्हणायचात. इटलीतल्या त्या प्रबोधनकाळाचं तुमचं चित्र अजिबात गोजिरवाणं नव्हतं. त्या लोकांनी आकाशाकडची मान खाली वळवली आणि माणसाकडे बघितलं, हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. आधीच्या चित्रांत क्रुसावरचा देव तरंगत असायचा. यांनी त्याला वजन दिलं. खिळ्याभोवती तळवा फाटायला लागला, पोटऱ्या ताणल्या, पाय घाणीने काळे झाले. आईच्या मांडीवरच्या बाळाला घड्या आल्या, तहान आली. आणि त्याच शहरात, भर प्रार्थनेत, देवळात सुरे चालले. पकडलेल्यांना राजवाड्याच्या खिडक्यांतून टांगलं आणि फुलापानांत रमणाऱ्या एका चित्रकाराला त्या लटकत्या देहांची चित्रं भिंतीवर काढायला बसवलं. तुम्ही हे जेवताना सांगायचात. आपली मुक्ता लहान होती, तोंडात घास धरून ऐकत बसायची.

मी विचारायचे, "मग उपयोग काय झाला त्या विद्येचा? ग्रीक वाचायचे, माणसाचे गोडवे गायचे आणि शेजाऱ्याच्या पोटात सुरा खुपसायचे?" तुम्ही चिडायचात, ताटावरून उठायचात. एकदाच नीट उत्तर दिलंत. म्हणालात, "माणूस एवढा वाईट आहे हे बघूनही त्यांनी त्याच्यावरून नजर काढली नाही. मला तेवढंच करायचंय." मी म्हटलं, "आधी हात धुवा."

आणि तो गोफणवाला संगमरवरी पोरगा! त्याच्या पाठीच्या फोटोवर बोट ठेवून मी एकदा म्हटलं की इथे उजव्या बाजूला, मणका आणि खांद्याच्या फऱ्याच्या मधे, एक स्नायू कमी आहे. दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी. मग कुठून तरी वाचून आलात, की खुद्द त्या मूर्तिकाराला ते ठाऊक होतं, दगडच कमी पडला होता. "बघ, त्याचाही दोष नाही," असं इतक्या आनंदाने सांगितलंत, की जणू तुमचा सख्खा भाऊच निर्दोष सुटला असावा. मला त्या दिवशी तुम्ही फार आवडला होता. हे मी कधी बोलले नाही, बोलायला हवं होतं.

आता त्या व्याख्यानाचं. सदाशिव पेठेतल्या त्या छोट्या हॉलबाहेरचा फळा तुम्ही स्वतः लिहिला होता. "देव माणसात आले तेव्हा." मी तिथेच म्हटलं, "अहो, हे बदला. आपण उनाड कार्ट्याला काय म्हणतो? जरा माणसात ये म्हणतो ना? लोक म्हणतील, आमचे देव आधी काय जनावरात होते का?" तुम्ही खडू झटकत म्हणालात, "मराठी मला शिकवू नकोस." दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. तंगडं मोडू, तोंड काळं करू. हॉलच्या सेक्रेटरींनी हात जोडले, सर, नुसतं 'इटलीची चित्रकला' करा ना. तुम्ही गेलात आणि फळ्यावर खाली आणखी दोन ओळी लिहिल्यात: "शीर्षकाचा अर्थ कळला नसेल त्यांच्यासाठी व्याख्यान आहे. कळला असा भास झालेल्यांनी घरीच थांबावे." सगळी पेठ हसली. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं ते हसले नाहीत.

व्याख्यानाच्या संध्याकाळी पडद्यावर ते कातडी सोलण्याचं चित्र होतं. देवाशी वाद्य वाजवण्याची पैज हरला म्हणून झाडाला उलटा टांगलेला तो अर्धा बकऱ्याचा, अर्धा माणसाचा प्राणी, शांतपणे सुरी चालवणारे दोघे, बाजूला वाद्य वाजवणारा एक जण आणि खाली सांडलेलं रक्त चाटणारं इवलंसं कुत्रं. तुम्ही म्हणत होता, "सोलणाऱ्यांचे चेहरे बघा. त्यांना राग आलेला नाही. ते काम करताहेत." तेवढ्यात दार आत आलं. उघडलं नाही, बिजागऱ्यांसकट आत आलं.

पहिल्यांदा खुर्च्या फुटल्याचा आवाज. मग बायकांच्या किंकाळ्या. त्यांनी तुम्हाला कॉलर धरून टेबलावरून ओढलं, आणि लाथ बसली तेव्हा तुमच्या बरगडीचा आवाज मी तिसऱ्या रांगेतून ऐकला. तो आवाज मला ओळखता येतो. कुणी तरी स्लाइडची पेटी जमिनीवर पालथी केली आणि त्यावर नाचायला लागलं. प्रोजेक्टर मात्र चालूच राहिला. तुम्हाला मारणाऱ्यांच्या पाठींवर त्या चित्राचे रंग पडत होते, कुणाच्या शर्टावर ती सुरी, कुणाच्या मानेवर ते कुत्रं. मी खुर्चीवर चढून पुढे आले. एकाच्या दंडाला मी कडकडून चावले आहे, हे मी पोलिसांना सांगितलं नव्हतं. तोंडात रक्त आलं, ते माझं नव्हतं. मग डावीकडून काही तरी आलं आणि सगळं पांढरं झालं.

दगड होता. डोळा जागच्या जागी फुटला. ऑपरेशन टेबलावर मला शुद्ध होती आणि मी डॉक्टरांना सांगत होते की वाचत नसेल तर काढून टाका, उगाच दुसऱ्या डोळ्याला धोका नको. शिकवलेलं उपयोगी पडतं असं. रडले मी नंतर, घरी आल्यावर, दुधाची धार पातेल्याबाहेर पडली तेव्हा. एका डोळ्याने अंतरच कळेना हो मला. ओट्यावर सगळीकडे दूध, आणि मी दातओठ खाऊन रडतेय, आणि तुम्ही पट्ट्याने बांधलेल्या बरगड्या धरून खाली वाकून फडक्याने ते दूध पुसताय. तुम्हीही रडत होता. तेव्हा तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, त्याबद्दल आजही उपकार मानते.

पोलिसांनी काही पोरं पकडली. पण दगड कुणी मारला ते सांगणारे तुम्ही एकटेच होता. पडल्या पडल्या तुम्ही त्याला बघितलं होतं. ओळख परेडला तुम्ही जाऊन आलात, तेव्हा मी दारातच उभी होते. "होता?" तुम्ही बूट काढलेत. म्हणालात, "होता." मी म्हटलं, "सुटले मी एकदाची." मग तुम्ही म्हणालात, "मी 'यात नाही' म्हणून सांगितलं."

मी तुमच्यावर पितळी तांब्या फेकला होता. नेम चुकला, एका डोळ्याचा नेम. भिंतीचा पोपडा गेला, तो तुम्ही कधी भरू दिला नाहीत. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. "पोरगं आहे गं, मिसरूड फुटलेलं. सगळे मारत होते, पण दगड सुटला आणि तू पडलीस तेव्हा तो एकटा थांबला. तोंड उघडं पडलं त्याचं. आपल्या हातून काय झालं ते त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. मी तो चेहरा बघितलाय. त्याला तुरुंगात टाकलं तर तो चेहरा राहणार नाही."

"चेहरा!" मी किंचाळले. "तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, समीक्षक म्हणून नाही! चित्र होतं का ते? डोळा माझा गेला आणि माफी तुम्ही वाटून आलात? कुणाला विचारून?"

तुम्ही वाकून तांब्या उचललात. एवढंच म्हणालात, "तो येईल बघ एक दिवस."

केस बारगळली. मी किती तरी दिवस मुक्ताच्या खोलीत झोपले. नंतर नंतर रागाची सवय झाली, मग त्याचा टोमणा झाला. दारावर बेल वाजली की मी म्हणायचे, "बघा हो, तुमचा माणूस आला असेल." इस्त्रीवाला असायचा. पुढे मुक्ताने आपल्याला इटलीला नेलं. ज्या गोष्टी तुम्ही आयुष्यभर स्लाइडवर दाखवल्यात त्या खऱ्या बघताना तुम्ही दर दोन मिनिटांनी चष्मा पुसत होता. त्या काशाच्या मूर्तीसमोर आपण उभे होतो, दारू पिऊन पडलेल्या सेनापतीचे केस मुठीत धरून तलवार उगारलेली ती बाई. मी म्हटलं, "ही बरी. हिला नवऱ्याला विचारावं लागलं नाही." तुम्ही हळूच म्हणालात, "विधवा होती ती." लोक वळून बघायला लागले एवढे आपण दोघे हसलो, आणि मग हसता हसता तुम्ही माझा हात असा काही घट्ट धरलात की अंगठी रुतली. आता मीही विधवा आहे.

हे सगळं आज का लिहितेय, तर आज दुपारी तो आला होता.

लोक भेटायला येताहेत, तसाच आला. मुक्ताने दार उघडलं. पांढरा शर्ट, हातात जाड अंगठ्या, पोट सुटलेलं. खुर्चीच्या कडेवर बसला. "मी वाघोलीचा. पेपरात सरांचा फोटो बघितला." मुक्ताने विचारलं, "बाबांचे विद्यार्थी का?" तर "न्हाई" म्हणाला. नवा माणूस माझ्याशी बोलताना माझ्या चांगल्या डोळ्याकडे बघतो. हा काचेच्या डोळ्याकडे बघत होता. मला त्याच क्षणी कळलं. अंगातून आग गेली माझ्या. मानेतली कुठली शीर कुठून जाते ते मी सगळी नोकरी शिकवलं आहे, आणि मी त्याची मानच बघत बसले होते.

"काकू," तो म्हणाला, "तो दगड माझा हुता."

मुक्ता उभी राहिली. मी तिला हाताने बस म्हटलं.

"आमाला काय सांगितलं न्हवतं. चला म्हनले, गेलो. सर देवाला जनावर म्हनले असं सांगितलं हुतं. तुमी पडला ते बघितलं आन् मी तितंच थांबलो." त्याने घाम पुसला. "सुटलो ते नशिबानं. सरांचा चष्मा फुटल्याला, त्यांना वळखता आलं न्हाई. आई म्हनली, देवानं त्यांचं डोळं झाकलं. बोकड कापलं आमी भैरोबाला, नवस हुता. समदं गाव जेवलं."

मला हसू आलं. भयंकर हसू आलं, आवरेना. इकडे माझी खोबणी ओली आणि तिकडे वाघोलीत रश्शाच्या पंगती! तुमची एवढी मोठी माफी, जिच्यापायी मी तुम्हाला इतकी वर्षं सोलून काढलं, ती त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्याच्या लेखी तुम्ही एक आंधळे मास्तर. मी हसता हसता ओरडले. "चष्मा? ओळख परेडला नवा चष्मा होता त्यांच्या नाकावर. मीच दुकानात बसून करून घेतला होता, तुला नीट बघता यावं म्हणून! त्यांनी ओळखलं होतं तुला. घरी येऊन मला सांगितलं. डाव्या भुवईत खोक आहे, तेही सांगितलं."

त्याचा हात भुवईकडे गेला. आणि अहो, त्याचं तोंड उघडं पडलं. तुम्ही सांगितला होतात तो चेहरा मी आज पहिल्यांदा पाहिला. सुजलेला, मधल्या वर्षांनी थुलथुलीत झालेला, पण तोच असणार. त्याच्यावरून नजर काढणं सोपं नाही. एवढं तुमचं मी मान्य करते.

"मंग सांगितलं का न्हाई मला?" तो रडायलाच लागला, आणि रागाने. "कुनी तरी सांगायचं की! मी इतकी वर्सं चोरासारखा ऱ्हायलो. हितनं गाडी जायची तर मान खाली घालायचो." तो माझ्या पायाशी वाकला. मी पाय वर घेतले.

"पायांना हात लावायचा नाही. ती माफी त्यांची होती, ती तू घेऊन गेलास. माझी मी कुणाला दिलेली नाही."

"मंग मी काय करू?"

त्याला जिन्यावरून ढकलून द्यावं असंही वाटत होतं आणि त्याने उठू नये असंही वाटत होतं. तुमच्या मरणापेक्षा आज मी जास्त रडले. शेवटी तो उठला. अशा घरातून निघताना कुणी "येतो" म्हणत नाही आणि घरचेही "या" म्हणत नाहीत. दुःखाला पुन्हा बोलावू नये म्हणून. त्याला ते माहीत होतं. मान खाली घालून, न बोलता तो दाराबाहेर गेला, चपला पायात सरकवल्या, दोन पायऱ्या उतरला.

"ये!" मी दारात जाऊन म्हटलं.

मुक्ताने माझा दंड धरला. "आई, अगं असं म्हणतात का?"

"म्हणू दे." तो जिन्यात थांबून वर बघत होता. "परत ये. तुझ्याशी माझं भांडण आहे आणि ते अजून सुरूही झालेलं नाही. ये."

इतकी वर्षं त्याचं भांडण मी तुमच्याशी केलं. आता ते त्याच्याकडे गेलं. तुम्ही सुटलात.